पाया पडताना

दसऱ्याची संध्याकाळ. सोनं वाटून अण्णा नुकतेच घरी आले होते, खुर्चीत टेकले होते, आणि आपट्याचं पान त्यांच्या हातात देऊन मी पाया पडायला वाकले. पाया पडताना एरवी माझे डोळे मिटतात. त्या दिवशी ते का उघडे राहिले कोण जाणे. पांढऱ्या फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत लालसर ठिपके उमटले होते. एक ठिपका, मग हातभर अंतर, मग पुन्हा ठिपका. सणाचा दिवस, कुंकू सांडलं असेल असं वाटलं. बोट लावून पाहिलं तर ओलं लागलं, चिकट लागलं.

“अण्णा, पाय वर करा बघू.”

“कशाला? काही झालेलं नाही.”

उजव्या पायाच्या चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या बुडाशी एक घट्टा होता. जुना, पिवळट, रुपयाएवढा. त्याच्या मधोमध भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी मिसळल्यासारखं पातळ रक्त झिरपत होतं. मी दाराबाहेर जाऊन त्यांची चप्पल उचलली, आत बोटं फिरवली. चप्पल शिवून आणून आठ दिवस झाले होते. तळातली एक चूक वर आली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. माझ्या बोटाला ती लागली मात्र, मी हात झटकला.

त्या चुकेवर अण्णा आठ दिवस चालत होते. सकाळचं दूध, बागेतल्या चकरा, देऊळ, आणि आज तर चार बिल्डिंगी चढून-उतरून सोनं वाटून आले होते. “दुखलं नाही तुम्हांला?” मी विचारलं. “नाही गं,” ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. माझ्या पोटात गोळा आला तो त्यामुळेच.

अण्णांनी एस.टी.त ३४ वर्षं कंडक्टरी केली. कणकवली, देवगड, मालवण. घाटातल्या वळणांवर दोन्ही हातांत तिकिटांचा ट्रे आणि पंच, म्हणजे तोल सांभाळायचा तो फक्त पायांनी. लहानपणी ते संध्याकाळी घरी आले की मी त्यांचे बूट काढायची. मोज्यांच्या विणीचा ठसा घोट्यापर्यंत उमटलेला असायचा. तेव्हा त्या पायांना सगळं कळायचं. बुटात खडा शिरला तर अण्णा चालत्या गाडीत कुठेतरी टेकून बूट झटकायचे. मग मधुमेह आला, त्याला आता १८ वर्षं झाली, आणि या वर्षांत पाय हळूहळू गप्प होत गेले. आम्ही साखर मोजत राहिलो, डोळे तपासत राहिलो, पण पायांकडे कुणी पाहिलं नाही. मी तर वर्षातून चार वेळा त्या पायांवर डोकं ठेवत होते.

मराठीला पायांचं केवढं वेड आहे. आपण पाय मोकळे करतो, पाय काढतो, पाय रोवतो, थोरांची पायधूळ मागतो. नव्या सुनेचा पायगुण पाहतो. माझ्या लग्नात याच अण्णांनी खाली बसून जावयाचे पाय धुतले, पंच्याने पुसले, आणि ते करताना त्यांचे डोळे भरून आले होते. दिवाळीत उंबऱ्यापासून देवघरापर्यंत आपण रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढतो. इतका मान. आणि ज्याला मान द्यायचा त्या पायाचा तळवा कसा आहे, सोललाय का, फाटलाय का, गार पडलाय का, हे उलटून बघायचं मात्र आपल्या रीतीत नाही. पाय दुसऱ्याकडे करून बसणं वाईट, पाय दाखवणं तर त्याहून वाईट. म्हणून आईवडिलांचे तळपाय आपण कधी पाहिलेले नसतात.

मी पाहिले होते ते आजीचे.

आजी रात्रीची जेवणं उरकली की मागच्या पडवीत बसायची. शेजारी एक पळी, थोडे निखारे आणि भिरंडेलाचा गोळा. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बिया वाळवायच्या, कांडायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून गार करायचं. ते थिजतं आणि मग त्याचे हाताने गोळे वळतात. मेणासारखे, पांढुरके, वासाला जवळजवळ काहीच नसलेले. पळीत तुकडा टाकला की तो कडेने पारदर्शक होत वितळायचा. “धर गो बाय, पाय,” आजी म्हणायची, आणि मी तिची टाच मांडीवर घ्यायची. नारळाच्या करवंटीसारखी टणक कड, आणि भेगेच्या तळाशी ओलसर, गुलाबी, अगदी तान्ह्या मुलाच्या हिरडीसारखं मांस. कोमट तेलाचा थेंब आत पडला की आजी दातांतून श्वास ओढायची. मी त्या भेगांना नद्यांची नावं दिली होती. सगळ्यात मोठी ती गड, आतल्या बाजूची कर्ली, आणि पार कडेला वळणारी तेरेखोल. रोज रात्री कुठल्या नदीचं पाणी वाढलं, कुठलीचं आटलं, ते मी आजीला सांगायची.

खूप वर्षांनी कळलं, की तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथीच नसतात. घामाच्या ग्रंथी दाटीवाटीने असतात, पण अंगावर इतरत्र असतो तसा तेलाचा ओलावा तळपायाला उपजत मिळत नाही. अंगातली सगळ्यात जाड कातडी, तिच्यावर सगळ्या देहाचा भार, आणि वंगण नाही. टाच जमिनीवर टेकली की तिच्या आतली चरबीची गादी कडेला पसरते. कातडी मऊ असेल तर तीही पसरते, वाळून कडक झाली असेल तर तडकते. आजीला ग्रंथी ठाऊक नव्हत्या. जिथे तेल नाही तिथे ते बाहेरून द्यायचं, तेही पाय धुऊन, दिवसाची धावपळ संपल्यावर, एवढं तिला पक्कं माहीत होतं. आज त्वचेचे डॉक्टरही दुसरं काय सांगतात? कोमट पाण्याने पाय धुवा, मऊ झालेली कड हलक्या हाताने घासा, लगेच मलम लावा, मोजे घालून झोपा. व्हॅसलिन असो, युरिया घातलेलं क्रीम असो की भिरंडेल, ते रोज लावायला हवं. आठवड्यातून एकदा दगडाने खसाखसा घासणं आणि उरलेले सहा दिवस विसरणं याने टाच आणखी चिडते.

गावात भेगांवर बिब्बाही भरत. आमच्या शेजारच्या काकीने तसा एकदा भरला आणि तो उतला. पाय घोट्यापर्यंत सुजला, पाण्याने भरलेले फोड आले, पंधरा दिवस ती खाटेवरून उठली नाही. आजीने त्या दिवशी मला बजावलं होतं, बिब्याला आपल्या पायाजवळ येऊ द्यायचं नाही. आजीची सगळीच औषधं मी उचलत नाही. पण हे बजावणं मी पुढे माझ्या मुलीपर्यंत पोचवलं आहे.

आणि आषाढातल्या त्या चिखल्या. लावणी सुरू झाली की बायका सकाळी सातला शेतात उतरत ते अंधारून येईपर्यंत पोटऱ्यांपर्यंत चिखलात. आठवडाभरात बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटायच्या. “चिखलान बोटां खाल्ल्यान गो,” आजी म्हणायची, जणू चिखलाला दात आहेत. म्हणून लावणीच्या आधी तळपायांना, बोटांच्या मधे मेंदी थापायची रीत होती. माझ्या मनात मेंदी म्हटल्यावर आजही नवरी येत नाही. ओणव्या बायकांच्या वर उचललेल्या, काळपट लाल रंगलेल्या टाचा येतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एक अध्याय क्षुद्ररोगांचा आहे. त्यात भेगा आहेत, नाव पाददारी. फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांना होणारी. कुरूप आहे, नाव कदर. खडा किंवा काटा बोचून होणारं. चिखल्याही आहेत, नाव अलस. घाणेरड्या चिखलाच्या स्पर्शाने बोटांमध्ये खाज, आग आणि दुखणं. मला तो अध्याय वाचून भरून आलं. इतक्या जुन्या काळी कुणीतरी वाकून, चिखलातून आलेल्या माणसाची बोटं फाकवून पाहिली होती. त्याशिवाय हे लिहिता येत नाही. क्षुद्र हा शब्द मात्र मनाला लागतो. पुढे सगळ्यांनी तेवढाच लक्षात ठेवला.

चिखल्या आता शेतातच होतात असं नाही. पावसाळ्यात लोकलमधून भिजल्या बुटांनी ऑफिसात जाणाऱ्या, आठ तास तेच मोजे घालून बसणाऱ्या कुणालाही होतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, यांच्या बेचकीत पहिली सुरुवात. ओलाव्याने कातडी भिजून फुगते आणि मग बुरशी घर करते. पाय धुतल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी पुसणं, सुती मोजे बदलणं, बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरून एकाला वाळायला दिवस देणं, हे निम्मं औषध आहे. उरलेलं निम्मं म्हणजे बुरशीवरचं साधं मलम, बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावलेलं. दुकानदाराने हातात ठेवलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याने चार दिवस खाज थांबते आणि बुरशी गुपचूप पसरते. आपल्या देशात गजकर्ण आणि नायटे असे हट्टी झालेत त्यात या मलमांचा मोठा वाटा आहे.

आईची गोष्ट वेगळी. तिची टाच दुखायची, आणि तिने ते दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या उठण्यावरून. पहाटे ती पलंगावरून उतरताना आधी भिंतीला हात लावायची. पहिलं पाऊल टाकलं की चेहरा आक्रसायचा, दहा पावलांनंतर सैल व्हायचा, म्हणून चहा उकळेपर्यंत तिचं दुखणं घरात कुणाला दिसतच नसे. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. त्यावर पायाची कमान ताणलेली. रात्री तो आखडतो आणि पहाटेच्या पहिल्या पावलाला ओढला जातो. डॉक्टरांनी नाव सांगितलं प्लांटर फॅशायटिस. त्यांनी विचारलं, “दिवसाचे किती तास उभ्या असता?” आईने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, जणू ते मोजायचं असतं हे तिला नवीन होतं.

स्वयंपाकघरात गुळगुळीत फरशी, आणि आई त्यावर ४० वर्षं अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे तिला पाप. मी मऊ तळाच्या, वरून कापडी सपाता आणल्या, त्यांच्यावर कधी बाहेरची धूळ पडणार नाही असं कबूल केलं, आणि देवघराच्या अलीकडे त्यांची हद्द आखली. तिने त्या आठवडाभर नुसत्या ठेवून दिल्या. मग एक दिवस भाजी चिरताना घातलेल्या दिसल्या. उठायच्या आधी अंथरुणातच पंचा चवड्याला अडकवून पाय स्वतःकडे ओढायचे, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, संध्याकाळी बर्फ केलेली पाण्याची बाटली तळपायाखाली लाटण्यासारखी फिरवायची. सात-आठ महिने लागले. इतके लागतातच, इंजेक्शनची घाई केली नाही ते बरं केलं असं मला वाटतं.

साडीच्या दुकानातल्या मुली, हॉस्पिटलातल्या परिचारिका, चौकातले पोलीस, मॉलमधले रखवालदार, सगळी माणसं दिवसभर उभी. केरळात २०१८ साली दुकानांत काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला, मागाहून तमिळनाडूनेही तो दिला. केरळातल्या विक्रेत्या बायकांना स्टूल मिळावं म्हणून वर्षानुवर्षं झगडावं लागलं होतं. दुकानात गेले की हल्ली माझी नजर आधी काउंटरमागे जाते, तिथे स्टूल आहे का ते बघायला.

एका वर्षी मी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा चालले. सगळ्या वाटेतला हा लांब टप्पा, दिवे घाटाचा. नवे बूट घालून निघायची चूक केली होती. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत दोन्ही टाचांवर फोड आले. सासवडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली काही तरुण डॉक्टर सतरंजीवर बसले होते. शेजारी एक म्हातारा माणूस वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा फुकट शिवत होता, आणि त्याच्या पलीकडे दोन मुलं तेलाच्या कॅनमधून ओंजळीत तेल घेऊन पोटऱ्या चोळत होती. माझ्या आधी एक आजी होती, परभणीकडची. चौदावी वारी, अनवाणी. तिने पाय पुढे केला आणि त्या डॉक्टर मुलाने आधी त्या पायाला हात लावून नमस्कार केला, मग चिमटा उचलला. आजी चपापली, पुढे वाकली आणि तिने त्याच्या पायाला हात लावला. “माउली,” तो म्हणाला. “माउली,” ती म्हणाली. वारीत सगळे सगळ्यांच्या पाया पडतात हे ठाऊक होतं. पण नमस्कार करून झाल्यावर तो पाय सोडून न देता मांडीवर घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्याने तिच्या तळव्यातला काटा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारलं. माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, फोडाची कातडी ओढून काढू नका हां. तीच खालच्या जखमेचं पांघरूण आहे. मोठा आणि ताणलेला फोड असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढायचं, कातडी तशीच बसू द्यायची.” मग त्याने मला वापरून सैल झालेल्या चपला घालायला लावल्या आणि नवे बूट पिशवीत टाकले. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात, हेही मी तिथेच शिकले.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा मोर्चा चालत आला, जवळजवळ १८० किलोमीटर. वर्तमानपत्रांत तेव्हा माणसांच्या चेहऱ्यांइतकेच तळपायांचे फोटो छापून आले होते. सोललेले, रक्ताळलेले, कातडी लोंबत असलेले आदिवासी बायाबापड्यांचे पाय. दहावीच्या परीक्षेला निघणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून ते लोक शेवटच्या रात्री विश्रांती सोडून पुन्हा चालले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचले. सकाळी मुंबईकरांनी त्यांच्यासाठी पाणी, खाणं आणि चपला आणल्या. त्यांतला एक फोटो मी कापून ठेवला आहे. त्यातल्या एका टाचेवरच्या भेगा ओळखीच्या वाटतात.

हे सगळे पाय दुखणारे होते. दुखत होते म्हणून तेल मागत होते, थांबायला लावत होते, कुणाच्या तरी मांडीवर जात होते. अण्णांचा पाय दुखत नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, “भरून येईल” म्हणून सांगितलं. तीन आठवडे आम्ही एक दिवसाआड पट्टी बदलत राहिलो आणि अण्णा त्या पट्टीवर चालत राहिले. चालू नका, असं कुणी म्हणालंच नाही. मलाही सुचलं नाही. दुसरं बोट सुजून लाल झालं तेव्हा आम्ही मधुमेही पायांच्या तज्ज्ञांकडे पोचलो. तोवर जंतुसंसर्ग हाडात उतरला होता.

त्या डॉक्टरांनी आधी एक साधी चाचणी केली. नायलॉनचा एक जाडसर तंतू, पेनासारख्या दांडीला लावलेला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, एवढाच त्याचा गुण. अण्णांना डोळे मिटायला सांगितले. “काका, पायाला काही लागलं की हो म्हणा.” अंगठ्याखाली तंतू टेकला, वाकला. अण्णा गप्प. चवड्यावर टेकला, वाकला. गप्प. कमानीपाशी ते “हो” म्हणाले. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला, तंतू कुठेच लावला नाही, आणि खोलीतल्या शांततेचा अंदाज घेत अण्णा पुन्हा म्हणाले, “हो.” थोड्या वेळाने आणखी एकदा, “हो.” समोरचा माणूस एवढा वेळ काहीतरी करतो आहे, त्याला निराश कसं करायचं, असा तो आवाज होता. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

डॉक्टर मला म्हणाले, “सगळे विचारतात, मधुमेहात जखम भरत का नाही. अहो, आपल्याला जखम झाली की आपण लंगडतो. लंगडणं हाच निम्मा उपचार. यांना लंगडता येत नाही.” मग त्यांनी पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगितली. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेला हा इंग्रज सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोग माणसाची बोटं खातो अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरोगाने संवेदना जाते, आणि मग पाय झिजतो तो रोजच्या खिळ्यांनी, खड्यांनी, चटक्यांनी, न थांबता पडत राहणाऱ्या पावलांनी. जखमी पाय प्लास्टरमध्ये ठेवून त्यावरचा भार काढला तर तीच जखम भरते. बधिर पायांसाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला देशभर वापरात आल्या, त्यांमागेही वेल्लोरचं काम आहे. पुढे ब्रँड अमेरिकेत गेले आणि कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवलेलं मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरलं गेलं. मी लहान असताना गावच्या देवळाबाहेर एक माणूस बसायचा, पायांना चिंध्या गुंडाळलेला. आजी त्याला तांदूळ द्यायची ते लांबून. तो आणि माझे अण्णा एकाच वाटेने चालत होते, हे मला त्या खोलीत समजलं.

अण्णांचं दुसरं बोट काढावं लागलं. पाय वाचला. दीड महिना उजव्या पायावर भार नाही. वॉकर, चाकाची खुर्ची, आणि ३४ वर्षं उभं राहून काम केलेला माणूस दिवसभर बसून. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते उरलेल्या बोटांकडे टक लावून बघत होते. “ह्याच पायाने बेल वाजली की धावत गाडी पकडायचो,” म्हणाले. मला काही बोलता आलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

आता रोज रात्री नऊ वाजता आमच्या घरात पाय बघायचे असतात. बातम्या बंद होतात. मी कोपराने पाणी तपासते, कारण अण्णांच्या पायांना कढत कळत नाही. पाय धुते, बोटांच्या मधे मऊ फडक्याने टिपते, तळव्याला आणि टाचेला क्रीम लावते, बोटांच्या मधे मात्र नाही. मग छोटा आरसा तळव्याखाली धरायचा. कुठे लाली आहे का, फोड आहे का, एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा गरम लागते का. नखं सरळ कापते, कडा गोल करत आत शिरत नाही. नखुरडं तिथूनच सुरू होतं. घट्टा वाढला तर ब्लेड लावायचं नाही, कुरुपाच्या त्या औषधी चकत्या तर अजिबात चिकटवायच्या नाहीत, त्यांतलं आम्ल बधिर कातडीला जाळत जातं. सरळ डॉक्टर गाठायचा. घरात अनवाणी फिरायचं नाही. गावी रवळनाथाच्या देवळात गेलो तेव्हा दुपारच्या उन्हात फरसबंदी तापलेली होती. अण्णा जाड मोजे घालून प्रदक्षिणेला निघाले. पुजाऱ्यांनी पाहिलं, क्षणभर थांबले, आणि त्यांच्यासाठी सावलीच्या बाजूला पोतं अंथरलं.

पहिले काही दिवस अण्णा फार संकोचायचे. मुलीने पाय धुवायचे, तेही रोज, हे त्यांना सोसवत नव्हतं. पाय मागे ओढून घ्यायचे, “मी करतो गं,” म्हणायचे. पण गुडघे वाकत नाहीत आणि चष्म्यातूनही तळवा दिसत नाही. एका रात्री मी त्यांना आजीच्या टाचेवरच्या नद्या सांगितल्या. गड, कर्ली, तेरेखोल. ते हसले नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “आईच्या पायाला मी कधी तेल लावलं नाही.” आणि मग पाय पुढे केला.

एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलं मिळून देहातली चौथा हिस्सा हाडं गुडघ्याच्या इतक्या खाली, जमिनीच्या जवळ. अण्णांची आता काही कमी आहेत. शस्त्रक्रियेची जागा जिथे शिवली तिथे कातडी अजून चकचकीत, कोवळी आहे. तिच्यावर मी बोट फिरवते तेव्हा अण्णा विचारतात, “आहे का तिथे तुझं बोट?” मी हो म्हणते. ते मान हलवतात.

आज सकाळी मला ऑफिसला उशीर झाला होता. डबा, छत्री, मोबाइल गोळा करत मी दाराशी आले तर अण्णा चपलांच्या स्टँडपाशी स्टूल घेऊन बसलेले. स्वतःच्या मऊ तळाच्या, मागून पट्टा असलेल्या सँडल त्यांनी सवयीप्रमाणे उलट्या करून झटकल्या, आत हात घातला, टोकापासून टाचेपर्यंत बोटं फिरवली. त्यांच्या हातांच्या बोटांना अजून सगळं कळतं. मग त्यांनी माझ्या चपला ओढून घेतल्या. एक उलटी केली, आपटली. आत बोटं घातली, शिवणीवरून फिरवली, अंगठ्याच्या जागी जरा थांबली. दुसरीही तशीच पाहिली. दोन्ही माझ्या पायांसमोर सरळ ठेवल्या.

“घाल,” म्हणाले.